प्रतीक्षेचे मापन : व्यावसायिक संगणक-उपयोजनांच्या कार्यनिरीक्षणाचा इतिहास

सारांश

व्यावसायिक उपयोगाच्या संगणकीय प्रणाली किती वेगाने आणि किती विश्वसनीयपणे काम करतात याचे सतत निरीक्षण करून त्यांचे नियमन करणे, ही माहिती-तंत्रज्ञानाची एक स्वतंत्र शाखा झाली आहे. तिचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो मापनाच्या स्थानांतराचा इतिहास म्हणून मांडला आहे. प्रारंभी मोजला जात होता तो यंत्राचा वेळ. पुढे कर्मचाऱ्याचा, नंतर ग्राहकाचा आणि सर्वांत शेवटी नागरिकाचा. ज्याचा वेळ कोणाच्या तरी हिशेबात खर्च म्हणून पडतो, त्याचीच प्रतीक्षा मोजली जाते, असा या लेखाचा प्रमुख प्रतिपाद्य विषय आहे.

बीजसंज्ञा : प्रतिसादकाळ, रांगशास्त्र, व्यवहारप्रक्रिया, कार्यनिरीक्षण, सार्वजनिक संगणकीय सेवा.

१. प्रस्तावना

रांग ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. रेल्वेच्या आरक्षण खिडकीसमोर, बँकेच्या रोखपालासमोर किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागासमोर लागलेली रांग पाहून अधिकाऱ्याला दुसरी खिडकी उघडावीशी वाटते, निदान तिची दखल घेणे त्याला भाग पडते. संगणकीय व्यवहारांनी ही रांग नाहीशी केली असे म्हटले जाते. प्रत्यक्षात रांग नाहीशी झाली नाही, ती दिसेनाशी झाली. हजारो माणसे आपापल्या पडद्यासमोर थांबलेली असतात आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याला दिसत नाही. प्रणाली चालवणाऱ्यालाही ती दिसत नाहीत. त्याला दिसते ते यंत्र, आणि यंत्र तर सुरूच असते.

ही अदृश्य रांग दृश्य करण्याचे शास्त्र म्हणजे उपयोजनांचे कार्यनिरीक्षण होय. 'उपयोजन' या संज्ञेने येथे वेतनपत्रक, आरक्षण, खातेवही, मागणीनोंद, रोखेव्यवहार यांसारखी विशिष्ट कामे करणारी संगणक-आज्ञावली अभिप्रेत आहे. अशा उपयोजनाविषयी मुख्यतः तीन प्रश्न विचारले जातात. एका विनंतीला उत्तर मिळण्यास किती वेळ लागतो, म्हणजेच प्रतिसादकाळ किती? ठरावीक वेळात किती व्यवहार पूर्ण होतात? आणि किती विनंत्या अयशस्वी ठरतात? हे प्रश्न तांत्रिक वाटले तरी त्यांच्या पोटात एक सामाजिक प्रश्न दडलेला आहे. कोणाची प्रतीक्षा मोजण्यायोग्य मानायची, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून २०२२ पर्यंतच्या काही निवडक टप्प्यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

२. पूर्वपीठिका : रांगेचे गणित

या शास्त्राचा पाया संगणकापूर्वी घातला गेला. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी-संभाषणांना संभाव्यताशास्त्र लावणारा निबंध प्रसिद्ध केला. दूरध्वनी केंद्रात किती तारा असल्या म्हणजे ग्राहकांना वाजवीपेक्षा जास्त थांबावे लागणार नाही, असा त्यांच्यापुढील व्यावहारिक प्रश्न होता. १९१७ मध्ये त्यांनी मांडलेली सूत्रे पुढे दूरसंचार नियोजनात सर्वत्र वापरली गेली आणि दूरध्वनीभाराच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.

१९६१ मध्ये जॉन लिटल यांनी रांगशास्त्रातील एका मूलभूत संबंधाची सिद्धता दिली. व्यवस्थेत कोणत्याही वेळी असणाऱ्यांची सरासरी संख्या ही येणाऱ्यांचा दर आणि प्रत्येकाचा सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराएवढी असते, असा हा संबंध आहे. एखाद्या केंद्रात मिनिटाला सरासरी ३ माणसे येत असतील आणि प्रत्येकाला सरासरी २० मिनिटे लागत असतील, तर तेथे सरासरी ६० माणसे असणारच. सूत्र साधे आहे. परंतु रांग न पाहता तिची लांबी काढता येते, हे त्याने दाखवून दिले.

या गणितातील आणखी एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. एकच सेवक आणि यादृच्छिक आगमन असलेल्या सर्वांत साध्या प्रतिमानात यंत्र निम्मा वेळ कामात असेल, तर ग्राहकाला लागणारा एकूण वेळ प्रत्यक्ष सेवेच्या दुप्पट होतो. यंत्र ८० टक्के वेळ कामात असेल तर तो पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट होतो. याचा अर्थ असा की, यंत्राचा पुरेपूर वापर आणि माणसाची अल्प प्रतीक्षा ही दोन उद्दिष्टे एकाच वेळी साधत नाहीत. एकाचा रिकामा वेळ हीच दुसऱ्याची सोय असते. संगणकाच्या इतिहासात या दोन पारड्यांपैकी कोणते जड मानले गेले, हे पुढील टप्प्यांत पाहावयाचे आहे.

३. यंत्राच्या वेळेचा हिशेब

व्यावसायिक कामासाठी संगणक नियमितपणे वापरण्याचा मान ब्रिटनमधील जे. लायन्स अँड कंपनी या चहागृहे व बेकरी चालवणाऱ्या कंपनीकडे जातो. तिच्या 'लिओ' या संगणकावर १९५१ मध्ये बेकरी-उत्पादनाच्या मूल्यांकनाचे काम सुरू झाले. या पिढीतील कामे गठ्ठ्यांनी होत. दिवसभराची कागदपत्रे एकत्र करून ती रात्री यंत्रावर चालवली जात. अशा कामात 'किती थांबावे लागले' हा प्रश्न सेकंदांचा नसून 'वेतनपत्रक वेळेवर निघाले की नाही' एवढाच होता.

१९६० च्या दशकात मोठा संगणक ही संस्थेतील अत्यंत खर्चिक मालमत्ता होती. त्यामुळे तिचा एकही मिनिट वाया जाऊ नये, हीच व्यवस्थापनाची प्रमुख चिंता होती. आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये 'सिस्टिम/३६०' ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या कार्यप्रणालीत त्या दशकाच्या उत्तरार्धात 'सिस्टिम मॅनेजमेंट फॅसिलिटीज' ही नोंदव्यवस्था आली. प्रत्येक कामाने प्रोसेसर किती वेळ वापरला, किती वाचन-लेखन केले, हे तीत नोंदले जाई. या नोंदींचा एक मोठा उपयोग बिले काढण्यासाठी होता. कोणत्या विभागाच्या नावे किती यंत्रवेळ टाकायचा, याचा तो हिशेब होता. कार्यनिरीक्षणाचा उगम अशा रीतीने लेखाशास्त्रात आहे.

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियात केनेथ कोलेन्स आदींनी 'बूल अँड बॅबेज' ही कंपनी स्थापन केली. जॉर्ज बूल आणि चार्ल्स बॅबेज या दोन गणितज्ञांच्या नावांवरून तिचे नामकरण झाले होते. चालू असलेल्या आज्ञावलीचे ठरावीक अंतराने नमुने घेऊन तिचा वेळ कोठे खर्च होतो हे दाखवणारी साधने या कंपनीने विकली. केवळ मापनासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावे, ही कल्पना त्या काळात नवी होती. यंत्रवेळ इतका महाग होता की त्यात वाचलेल्या काही टक्क्यांतून साधनाची किंमत भरून निघत असे. या काळातील आदर्श स्पष्ट होता. यंत्र जितके व्यग्र, तितके व्यवस्थापन उत्तम.

४. पडद्यासमोरील कर्मचारी

हा आदर्श ढासळू लागला तो संगणकासमोर माणूस थेट बसू लागल्यावर. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून उभारलेली 'सेबर' ही आरक्षणप्रणाली १९६४ मध्ये पूर्ण जाळ्यावर कार्यान्वित झाली. पूर्वी एका आरक्षणाच्या प्रक्रियेस सरासरी ९० मिनिटे लागत, ती आता काही सेकंदांवर आली. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला प्रवासी वाट पाहत असताना यंत्राने काही तासांनी उत्तर देणे येथे निरर्थक होते. १९६९ मध्ये आयबीएमने आणलेल्या 'सीआयसीएस' या व्यवहारप्रक्रिया-प्रणालीमुळे वीज-गॅस पुरवठा कंपन्या, बँका व विमा कंपन्या यांच्या कचेऱ्यांतही अशी थेट कामे सुरू झाली.

१९६८ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी मनुष्य आणि संगणक यांच्यातील संवादात प्रतिसादाला किती विलंब सह्य ठरतो, याची मानसशास्त्रीय चिकित्सा केली. सलग विचार करीत काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत सुमारे दोन सेकंदांपलीकडील विलंब अडथळा ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि माणसाच्या वेळेला रोख मूल्य मिळाले ते चौदा वर्षांनी. वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी १९८२ मध्ये जलद प्रतिसादाच्या आर्थिक मूल्यावर आयबीएमसाठी लिहिलेला अहवाल या क्षेत्रातील एक निर्णायक दस्तऐवज होय. प्रतिसादकाळ ३ सेकंद असताना एक प्रोग्रामर ताशी सुमारे १८० व्यवहार करी, तोच ०.३ सेकंदांवर आणल्यावर ही संख्या ३७१ झाली. म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे लागणारा वेळ २० सेकंदांवरून ९.७ सेकंदांवर आला. यंत्राने २.७ सेकंद वाचवले तेव्हा माणसाचे १०.३ सेकंद वाचले. जास्तीचे ७.६ सेकंद आले ते न तुटलेल्या विचाराच्या सलगतेतून.

या आकडेमोडीने पारडे फिरले. यंत्र स्वस्त होत होते आणि कुशल कर्मचारी महाग होत होता. त्यामुळे यंत्र थोडे रिकामे ठेवून माणसाला खोळंबू न देणे किफायतशीर ठरू लागले. मोठ्या संगणकांच्या केंद्रांत याच सुमारास प्रचालकाला चालू क्षणाची स्थिती दाखवणारी कँडल कॉर्पोरेशनच्या 'ओमेगामॉन'सारखी साधने रूढ झाली. परंतु येथेही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मोलाचा मानला गेला तो पगारी माणसाचा वेळ होता. कर्मचाऱ्याच्या पाठीमागे जो ग्राहक ताटकळत होता, त्याचा वेळ अजून कोणत्याच खात्यात जमा नव्हता.

५. विखुरलेली यंत्रे आणि हरवलेला व्यवहार

१९९० च्या दशकात एका मोठ्या संगणकाची जागा अनेक लहान संगणकांनी घेतली. १९९२ मध्ये आलेली सॅप कंपनीची 'आर/३' ही प्रणाली या बदलाचे ठळक उदाहरण होय. वापरकर्त्याचा पडदा एका यंत्रावर, व्यवसायाचे नियम दुसऱ्यावर आणि विदागार तिसऱ्यावर, अशी तिची त्रिस्तरीय रचना होती. या व्यवस्थेत 'प्रणाली मंद आहे' अशी तक्रार आल्यास जाळे पाहणारा म्हणे जाळे ठीक आहे, विदागार सांभाळणारा म्हणे विदागार ठीक आहे, आणि प्रत्येकाकडे तसे सिद्ध करणारे आकडे असत. सर्व भाग निरोगी आणि रोगी मात्र अत्यवस्थ, अशी ही अवस्था होती.

यावर तीन दिशांनी उपाय शोधले गेले. पहिला उपाय मापनाचे एकक बदलण्याचा. सॅपच्या प्रमाणित चाचण्यांत यंत्राची क्षमता त्याने ताशी किती मागणीनोंदी पूर्ण केल्या यावरून ठरू लागली; २,००० मागणीओळी म्हणजे १०० एकके, असे प्रमाण १९९३ पासून रूढ झाले. यंत्राच्या भाषेऐवजी कचेरीच्या भाषेत क्षमता सांगण्याचा हा प्रयत्न होता. दुसरा उपाय रंगीत तालमीचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या मर्क्युरी इंटरअॅक्टिव्ह कंपनीच्या 'लोडरनर' या साधनाने हजारो काल्पनिक वापरकर्ते निर्माण करून प्रणाली सुरू होण्यापूर्वीच तिच्यावर भार टाकून पाहता येऊ लागला. तिसरा उपाय व्यवहाराचा आतून माग घेण्याचा. १९९६ मध्ये टिव्होली आणि एचपी यांनी त्यासाठी एक सामायिक पद्धत मांडली; परंतु तिच्यात प्रोग्रामरने आपल्या आज्ञावलीत मापनाच्या ओळी स्वतः घालणे अपेक्षित होते. आधीच मुदतीने बेजार झालेला प्रोग्रामर हे काम क्वचितच करी.

ही अडचण १९९८ मध्ये लुई सर्न यांनी स्थापन केलेल्या वायली टेक्नॉलॉजी या कंपनीने दूर केली. जावा भाषेतील आज्ञावली थेट यंत्रभाषेत न जाता 'बाइटकोड' या मधल्या रूपात राहते. ती स्मृतीत चढवली जात असतानाच तिच्यात सूक्ष्म मापके बसवायची, म्हणजे मूळ लेखनाला हात न लावता प्रत्येक कार्याचा आरंभ आणि अंत नोंदता येतो, ही त्यामागील युक्ती होती. ही कंपनी २००६ मध्ये सीए कंपनीने ३७.५ कोटी डॉलरना घेतली. पुढे सर्न यांनी 'न्यू रेलिक' आणि वायलीतच काम केलेल्या ज्योती बन्सल यांनी 'अॅपडायनॅमिक्स' अशा दोन कंपन्या २००८ मध्ये सुरू केल्या. राजस्थानात वाढलेल्या आणि दिल्लीच्या आयआयटीत शिकलेल्या बन्सल यांची कंपनी २०१७ मध्ये सिस्कोने ३७० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. मापन हीच एक मोठी बाजारपेठ झाल्याचे हे द्योतक होते.

६. ग्राहकाची किंमत आणि सरासरीचा भ्रम

बाजारपेठेच्या या वाढीमागे एक साधे कारण होते. आंतरजालावरील दुकानात ग्राहक ताटकळत नाही. तो निघून जातो. गूगलने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उत्तराला मुद्दाम १०० ते ४०० मिलिसेकंद उशीर केला असता प्रत्येक वापरकर्त्यामागील दैनंदिन शोधांत ०.२ ते ०.६ टक्क्यांची घट आढळली. डोळ्याची पापणी लवण्याएवढा हा विलंब असूनही त्याची किंमत काढता आली. ग्राहकाची प्रतीक्षा प्रथमच व्यापाऱ्याच्या खातेवहीत तोटा म्हणून उमटली आणि म्हणूनच ती बारकाईने मोजली जाऊ लागली.

२०१० मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी 'डॅपर' या आपल्या अंतर्गत व्यवस्थेची माहिती प्रसिद्ध केली. स्पीड पोस्टच्या पाकिटावरील क्रमांक जसा प्रत्येक टप्प्यावर नोंदला जातो, तसा प्रत्येक विनंतीला एक क्रमांक देऊन ती ज्या ज्या यंत्रातून जाईल तेथे तिची वेळ नोंदायची, अशी ही पद्धत होती. सर्वच विनंत्यांची नोंद करणे परवडत नसल्याने मोठ्या भाराच्या सेवांत सरासरी १,०२४ पैकी एकीचा माग ठेवला जाई. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'ओपनटेलिमेट्री' या खुल्या प्रकल्पाने अशा मागोव्याची पद्धत कोणत्याही एका विक्रेत्यावर अवलंबून राहू नये, हा प्रयत्न केला.

याच प्रवासात सरासरीविषयीचा एक भ्रमही दूर झाला. जेफ डीन आणि लुईझ बॅरोसो यांनी २०१३ मध्ये पुढील उदाहरण दिले. एका सर्व्हरला शंभरातून एकदाच एका सेकंदाहून जास्त वेळ लागतो असे समजू. एक विनंती पूर्ण होण्यासाठी अशा १०० सर्व्हरांची उत्तरे लागत असतील, तर १०० पैकी ६३ विनंत्यांना एका सेकंदाहून जास्त वेळ लागेल. अपवाद म्हणून सोडून दिलेला एक टक्का बहुसंख्यांचा अनुभव होतो. तेव्हापासून सरासरीऐवजी शततमकांचा विचार रूढ झाला. शंभरांत शेवटच्या पाच जणांना किंवा एकाला किती थांबावे लागले, हे विचारले जाऊ लागले. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना दरडोई उत्पन्नाच्या सरासरीची मर्यादा परिचित आहे. येथेही तोच धडा आहे.

७. दुसरीकडे जाऊ न शकणारा नागरिक

ज्याला दुसरे दुकान नाही, त्याच्या प्रतीक्षेचे काय, हा प्रश्न १ ऑक्टोबर २०१३ रोजी ठळकपणे पुढे आला. अमेरिकी संघशासनाचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ त्या दिवशी सुरू झाले आणि पहिल्या दिवशी केवळ ६ जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. पन्नासहून अधिक कंत्राटदारांनी मिळून हे काम केले होते. मदतीसाठी आलेल्या अभियंत्यांना धक्का बसला तो दोषांच्या संख्येने नव्हे, तर संकेतस्थळाची चालू स्थिती एका दृष्टिक्षेपात दाखवणारा डॅशबोर्डच तेथे नव्हता याने. ज्या व्यवस्थेची क्षणाक्षणाची अवस्था तिच्या चालकांनाच दिसत नव्हती, ती दुरुस्त करण्याची पहिली पायरी मापन हीच होती. रोज सकाळ-संध्याकाळ बैठका होऊ लागल्या आणि त्या दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नसून प्रश्न सोडवण्यासाठी आहेत, असा दंडक घालण्यात आला. १ डिसेंबरच्या शासकीय अहवालानुसार ऑक्टोबरच्या अखेरीस ८ सेकंद असलेला सरासरी प्रतिसादकाळ एका सेकंदाखाली आला, चुकांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून एका टक्क्याखाली आले आणि ४०० हून अधिक दुरुस्त्या झाल्या. याच अनुभवातून ऑगस्ट २०१४ मध्ये तेथे शासनांतर्गत 'डिजिटल सर्व्हिस' स्थापन झाली.

भारतात या प्रश्नाचे सर्वांत मोठे क्षेत्र रेल्वेचे आरक्षण हे होय. १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ झाला. त्यासाठीची 'इम्प्रेस' ही आज्ञावली सीएमसी कंपनीने तयार केली होती. १९८६ मध्ये रेल्वे माहिती प्रणाली केंद्र, म्हणजे 'क्रिस', स्थापन झाले. त्याची 'कॉन्सर्ट' ही प्रणाली १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला आली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे तिने जोडली गेली. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीमार्फत आंतरजालावरून तिकिटे मिळू लागली. येथेच खिडकीसमोरची दृश्य रांग अदृश्य झाली. 'तत्काळ' आरक्षण उघडण्याच्या ठरावीक घटकेला देशभरातील मागणी एकाच मिनिटात एकवटते; अशा ठिकाणी दिवसाची सरासरी सांगून काहीच कळत नाही. २०१४ मध्ये नवी प्रणाली आली तेव्हा मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटे निघतील, असे जाहीर झाले. ही प्रगती निःसंशय मोठी होती. तथापि जाहीर झालेला आकडा यंत्राच्या क्षमतेचा होता. त्या मिनिटाला किती जणांनी प्रयत्न केला आणि कितीजण रिकाम्या हाताने परतले, हे त्यावरून समजत नाही.

अध्यापक वर्गाला अधिक जवळचे उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आला. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या काळात वृत्तपत्रांतून रोज प्रसिद्ध होई ती दिवसभरात तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांची संख्या. परदेशी किंवा अन्य विद्यापीठातील प्रवेशाची तारीख ज्याची टळत होती, त्या विद्यार्थ्याची प्रतीक्षा कोणत्याही तक्त्यात नव्हती. पूर्ण भाराची तालीम आणि टप्प्याटप्प्याचे निरीक्षण या दोन्ही गोष्टी त्यापूर्वी वीस वर्षे उद्योगजगतात परिचित होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

याउलट मुंबईतच नियामक संस्थांनी घेतलेली भूमिका लक्षणीय आहे. सेवा वारंवार खंडित झाल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे देणे थांबवण्यास सांगितले. हे निर्बंध मार्च २०२२ मध्ये पूर्णतः उठले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार जवळजवळ चार तास बंद पडले आणि त्या दिवशी बाजार सायंकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. २५ नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकाने 'सेबी'ने शेअर दलालांच्या प्रणालींसाठी 'तांत्रिक बिघाड' या संज्ञेची व्याख्या केली. सलग पाच मिनिटे वा त्याहून अधिक काळ प्रणाली बंद पडणे हा तर बिघाड ठरलाच. परंतु तेवढा वेळ ती मंदावणे हाही बिघाडच ठरला. स्थापित क्षमता आजवरच्या सर्वोच्च भाराच्या किमान दीडपट असावी आणि वापर ७० टक्क्यांपलीकडे गेल्यास इशारा मिळावा, असेही त्यात सांगितले होते. एरलांगांच्या परंपरेतील गणिताशी हा आकडा ताडून पाहता येतो. साध्या प्रतिमानात ७० टक्क्यांना लागणारा वेळ सेवेच्या सुमारे ३.३ पट असतो आणि त्यापुढे तो झपाट्याने चढतो. १९६० च्या दशकात यंत्राचे ३० टक्के रिकामेपण हा व्यवस्थापनाचा दोष ठरला असता. २०२२ मध्ये तेच रिकामेपण गुंतवणूकदाराच्या संरक्षणाचे साधन मानले गेले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) कार्यनिरीक्षणाचा इतिहास यंत्राकडून माणसाकडे सरकत गेला आहे. मात्र हे सरकणे तंत्रज्ञानाने आपोआप घडवले नाही. गणित १९०९ पासून उपलब्ध होते. प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या तरी प्रतीक्षेला किंमत प्राप्त झाली, तेव्हाच मापन पुढे सरकले.

(२) पगारी कर्मचाऱ्याचा वेळ मालकाच्या खर्चात आणि ग्राहकाचा वेळ व्यापाऱ्याच्या तोट्यात उमटतो. मक्तेदारी सेवेपुढे उभ्या असलेल्या नागरिकाचा वेळ मात्र कोणाच्याच खातेवहीत पडत नाही. म्हणून तो नामुष्की ओढवल्यानंतर किंवा नियामकाच्या आदेशानेच मोजला जातो.

(३) यंत्राची क्षमता आणि वापरकर्त्याचा अनुभव ही दोन भिन्न परिमाणे आहेत. मिनिटाला किती तिकिटे किंवा दिवसाला किती उत्तरपत्रिका, हे पहिल्याचे उत्तर झाले. दुसऱ्यासाठी अयशस्वी प्रयत्नांचे प्रमाण आणि शेवटच्या काही टक्क्यांची प्रतीक्षा सांगणे आवश्यक आहे.

(४) 'सेबी'च्या २०२२ च्या परिपत्रकाने मंदपणालाच बिघाड मानले. हे तत्त्व रोखेबाजारापुरते मर्यादित राहण्याचे कारण नाही. प्रवेशप्रक्रिया, परीक्षा-अर्ज, शिष्यवृत्ती, शिधावाटप आणि आरक्षण यांसारख्या सार्वजनिक प्रणालींच्या करारांत प्रतिसादकाळाची मर्यादा, पूर्ण भाराची चाचणी आणि मापनाच्या आकड्यांचे जाहीर प्रकटन या तीन अटी घालता येण्याजोग्या आहेत.

महाविद्यालयात अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द जवळजवळ निसर्गकोपासारखे स्वीकारले जातात. अवर्षण किंवा अतिवृष्टीप्रमाणे त्यालाही कोणी जबाबदार नाही, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत इतिहास या गृहीताला छेद देतो. अखेरच्या दिवसाचा भार आधी अजमावता येतो, त्याची तालीम करता येते आणि प्रत्येक विनंतीचा मागही काढता येतो. एवढी साधने हाती असताना विद्यार्थ्याची प्रतीक्षा मोजली जात नसेल, तर तो तंत्रज्ञानाचा नव्हे, धोरणाचा प्रश्न आहे.